जादा किल्लीला हरकत

मंगरूळपीरला बसस्टँडमागच्या गल्लीत योगिनी इंगोले राहते, पण तिचं नेमकं काम काय हे गल्लीत कुणालाच धड ठाऊक नाही. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते एवढं सगळ्यांना दिसतं. म्हणून कुणाचा प्रिंटर अडला की तो तिच्याकडे येतो, कुणी पोराच्या अर्जासाठी फोटो लहान करून मागतं, कुणाला पीकविम्याची पावती काढून हवी असते. ती हे सगळं करून देते आणि पुन्हा दार लोटून आपल्या कामाला लागते.

तिचं गाव रिठद. वडील रामकिसन इंगोले यांची तिथं शेती आहे, सोयाबीन आणि हळदीची. योगिनी अमरावतीला इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरीला लागली आणि तिथं स्थिरावलीही असती. पण आईला अर्धांगवायू झाला तेव्हा तिनं कंपनीकडून घरून काम करायची परवानगी घेतली आणि परत आली. आई गेली, तरी ती पुण्याला गेली नाही. रिठदला नेट टिकत नव्हतं म्हणून मंगरूळपीरला खोल्या घेतल्या. लग्नाचा विषय घरच्यांनी काही वर्षं लावून धरला आणि मग दमून सोडून दिला.

नोकरीखेरीज तिनं आणखी एक काम अंगावर घेतलं होतं, बिनपगारी. इंटरनेटवर दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं, ते बोलणं मधल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून काय करायचं, याचे नियम कुठलं एक सरकार किंवा एक कंपनी ठरवत नाही. जगभरातले इंजिनिअर एका खुल्या गटात ते ठरवतात. तिथं सभासद व्हावं लागत नाही. कुणीही मसुदा मांडावा, कुणीही हरकत घ्यावी. हरकतीत दम असेल तर तिला उत्तर मिळाल्याशिवाय मसुदा पुढे सरकत नाही. मतदान नसतं. सभेत कौल घ्यायचा झाला की अध्यक्ष एकेक बाजू विचारतात आणि त्या बाजूचे लोक तोंड मिटून हुंकारतात. कुठला हुंकार मोठा, ते कानांनीच कळतं.

योगिनी या गटात आली ती एका चुकीमुळे. कंपनीच्या कामासाठी एक मसुदा वाचताना तिच्या लक्षात आलं की बोलणं कुलूपबंद करणारी किल्ली कधी टाकून द्यायची याबद्दल एका पानावर एक सांगितलंय आणि दुसऱ्यावर भलतंच. लिहावं की नाही, या विचारात तिचे दोन दिवस गेले. मग तिनं भीतभीत चार ओळी लिहिल्या. फिनलंडमधल्या एका वयस्क इंजिनिअरचं उत्तर आलं की बरोबर आहे, दुरुस्त करतो. ती कोण, कुठली, कुणाच्या वतीनं बोलते, हे त्यानं विचारलं नाही. योगिनीला त्याचंच अप्रूप वाटलं. तेव्हापासून ती त्या गटात लिहीत आली होती. काही वर्षांत तिचं नाव तिथल्या लोकांच्या ओळखीचं झालं होतं. तिचा वाशीम जिल्हा कुठं आहे, हे मात्र त्यांच्यातल्या कुणालाही माहीत नसावं.

अमीनाबीशी तिची ओळख झाली ती पडदे शिवून घेताना. अमीनाबी दर्ग्याच्या रस्त्यावर शिवणक्लास चालवते. साठीची बाई, आवाज खणखणीत. तिच्या क्लासला येणाऱ्या बाया सगळ्याच काही शिवण शिकायला येत नाहीत, हे योगिनीला हळूहळू उमगलं. घरी मार खाणारी एखादी येते, सासरहून निघून आलेली एखादी येते. अमीनाबी तिला मशीनवर बसवते, जेवू घालते, आणि गरज पडली तर नात्यातल्या कुणाच्या तरी घरी पोचवते. तिची अडचण एकच होती. बायांचे नवरे फोन तपासत. योगिनीनं मग त्या बायांना बसवून शिकवलं की कोणत्या ॲपवरचा निरोप मधल्या कुणाला वाचता येत नाही, तो आपोआप पुसला कसा जातो, फोनला कुलूप कसं लावायचं. अमीनाबी स्वतः चष्मा लावून पहिल्या रांगेत बसली होती.

निकिता अशीच आली, कडेवर मुलगी घेऊन. तिचा नवरा दुसऱ्या एका जिल्ह्यात पोलिसात होता. त्यानं तिचा हात दोनदा मोडला होता, आणि तक्रार द्यायला ती ज्या ठाण्यात गेली तिथं तिला चहा पाजून परत त्याच्याच हवाली केलं होतं. अमीनाबीनं तिला कामरगावला आपला भाऊ फय्याज याच्या घरी ठेवलं. फय्याजचं किराण्याचं छोटं दुकान. निकितानं माहेरीही पत्ता कळवला नव्हता. तरी महिनाभरात एका दुपारी तो कामरगावात उतरला. साध्या कपड्यांत, भाड्याच्या जीपमधून. निकिता गच्चीवर मिरच्या वाळू घालत होती. तिनं वरूनच त्याला ओळखलं, मुलीला उचललं आणि कठड्यावरून शेजारच्या गच्चीत उतरली. खाली फय्याजनं त्याला दारातच धरून ठेवलं. बाई इथं नाही, पाहायचं तर पाहा, पण आधी कागद दाखवा, म्हणाला. कागद नव्हताच. चार लोक जमले तसा तो शिव्या देत निघून गेला.

निकिताला दुसऱ्या गावी हलवलं आणि खबरदारी म्हणून तिचा नंबरही बदलला. कुठं, ते अमीनाबी, फय्याज आणि निकिता यांच्यात योगिनीनं शिकवलेल्या ॲपवरच्या निरोपांनी ठरलं. ती जागा त्याला कधीच सापडली नाही. पण पहिली कशी सापडली, हे कुणालाच कळेना. फय्याजनं कुणाला सांगितलं असेल, असा संशय खुद्द अमीनाबीच्या मनात येऊन गेला आणि बहीणभावात त्यावरून दोन दिवस अबोला होता.

योगिनीनं आपल्या भावाला विचारलं. हरीओम तिच्याहून लहान, पोलिसात फौजदार, सायबरचं शिक्षण घेतलेला. त्यानं आधी टाळाटाळ केली, मग चौकशी केली आणि काही दिवसांनी स्वतः मंगरूळपीरला आला. निकिताच्या नवऱ्याचा एक दोस्त अशा टेबलावर होता की जिथून मोबाइल कंपनीकडे टॉवरची माहिती, म्हणजे फोन कुठं चालू आहे ते, मागता येते. एका चोरीच्या तपासात संशयितांचे नंबर पाठवताना त्यानं त्यात निकिताचा नंबर घुसडला होता. मागणी रीतसर होती, सही होती, शिक्का होता. कंपनीनं माहिती दिली. हे सांगताना हरीओम बहिणीकडे पाहत नव्हता. चहा तसाच ठेवून गेला. पुढे त्यानंच निकिताच्या वकिलीणबाईंना तक्रार कुठं आणि कशी द्यायची ते सांगितलं. त्यापायी त्याच्या खात्यात काही लोकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं.

तोच हरीओम फेब्रुवारीत रिठदला बहिणीशी भांडला.

गटात त्या महिन्यात एक नवा मसुदा आला होता. दोन यंत्रं बोलायला लागली की तेवढ्या बोलण्यापुरती एक किल्ली तयार होते आणि बोलणं संपलं की ती नष्ट होते. नव्या मसुद्याचं म्हणणं असं होतं की त्या किल्लीची एक जादा प्रत काढावी, ती सरकारच्या कुलपात बंद करावी आणि बोलण्यासोबतच पाठवून द्यावी. सरकारला गरज पडली तर त्यानं आपलं कुलूप उघडून ती वापरावी. सरकार कोणतं, ते ज्या त्या देशानं ठरवावं. मसुदा मांडणारे साधेसुधे लोक नव्हते, निरनिराळ्या देशांच्या खात्यांमधली हुशार माणसं होती, आणि मसुदा नीट लिहिलेला होता.

शेतात हळद शिजवणं चालू होतं. रामकिसन भट्टीपाशी बसले होते आणि वाफेचा वास सगळ्या धुऱ्या-बांधावर पसरला होता. हरीओम दोन दिवसांच्या सुट्टीवर आला होता, पण त्याचं लक्ष कशात नव्हतं. त्याच्या ठाण्याच्या हद्दीतली पंधरा वर्षांची एक मुलगी बेपत्ता होती. ती महिनाभर एका नंबरशी बोलत होती, आणि तो नंबर खोट्या नावावर घेतलेला निघाला होता. ते काय बोलले, कुठं भेटायचं ठरलं, हे कंपनीलाही माहीत नव्हतं. नव्या मसुद्याची बातमी त्याच्या प्रशिक्षणाच्या ग्रुपवर येऊन गेली होती. बहीण त्या मसुद्याला हरकत घेणार, हे त्यानं न विचारताच ओळखलं.

"ताई, तिची माय रोज ठाण्यात येऊन बसते," तो म्हणाला. "कंपनी म्हणते, आमच्यापाशी चाबीच नाही. तुमी लोकं कुलपं बनवून राह्यले अन आमी बाहेर उभे. त्या बाईले मी काय सांगू?"

योगिनीनं विचारलं, "निकिताचा नंबर कोनं टाकला होता?"

"एका हरामखोरानं."

"तुह्याच खात्यातल्या."

"म्हणून सारेच तसे काय?"

"सारे तसे नाहीत. तू तसा नाहीस, हे मले माहीत हाये. पन तू बदलून जाशील. तुह्या जागी कोन येईल, ते तुले तरी माहीत हाये काय?"

हरीओम म्हणाला की त्याच टॉवरच्या माहितीवर आम्ही दर महिन्याला कुणाला ना कुणाला शोधून काढतो, ते तुला दिसत नाही. योगिनीनं ते मान्य केलं. ती म्हणाली की टॉवरची माहिती एका नंबरची मागावी लागते, मागणाऱ्याची सही राहते, म्हणून तर तुला तो माणूस सापडला. ही किल्ली एका नंबरची नाही. कुलूप सरकारचं एक, आणि त्यामागं सगळ्या देशाचं बोलणं. त्या कुलपाची चावी चोरीला गेली तर गेलेली कळणारसुद्धा नाही. आणि मुलीला फसवणारा जो आहे, तो उद्या जादा किल्ली नसलेलं ॲप शोधेल. अमीनाबीच्या बाया शोधणार नाहीत, त्यांना एकच ॲप शिकवताना तिचे दोन महिने गेले होते.

"हे सारं खरं असन," हरीओम म्हणाला, "पन ती पोरगी आज नाही हाये."

ते खरं आहे, योगिनी म्हणाली. रामकिसन इतका वेळ ऐकत होते. त्यांनी विचारलं की हे भांडण तुमच्या दोघांचं आहे की सरकारचं, आणि दोघांचं असेल तर भट्टीत लाकडं घाला. दोघं उठले. दुपारचं जेवण तिघांनी एकत्र केलं, पण हरीओम दुसऱ्या दिवशी सुट्टी अर्धी टाकून निघून गेला.

मंगरूळपीरला आल्यावर योगिनी हरकत लिहायला बसली. तांत्रिक मुद्दे गटातले इतर लोक मांडतच होते आणि तिच्यापेक्षा चांगले मांडत होते. जादा किल्लीमुळे सगळी रचना किती गुंतागुंतीची होते, कुठं कुठं भोकं पडतात, यावर त्या फिनिश म्हाताऱ्यानं लांबलचक लिहिलं होतं. तिच्याकडे जे होतं ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. पण ते तिचं नव्हतं, निकिताचं होतं. म्हणून ती अमीनाबीकडे गेली आणि तिच्या फोनवरून निकिताशी बोलली. तुझी गोष्ट परक्या लोकांना, इंग्रजीत, सगळ्या जगाला दिसेल अशी सांगायची आहे. नको म्हणालीस तर विषय इथंच संपला, असं तिनं सांगितलं.

निकितानं मुलीचं नाव येणार का ते विचारलं. मग गावाचं. मग म्हणाली, "माह्यं नाव नको टाकू. बाकीचं सांग. त्याले कोनी सांगितलं नव्हतं, त्यानं सरकारी कागदावर मले हुडकलं, हे तर सांगच. लोकं म्हणतात, तुह्यंच कोनीतरी फुटलं असन."

अमीनाबी बाजूलाच होती. तिनं मान खाली घातली आणि हातातल्या कापडाची घडी मोडून पुन्हा घातली.

योगिनीनं लिहिलं ते दीड पानही नव्हतं. बाईचं, गावाचं, जिल्ह्याचं, कशाचंच नाव त्यात नव्हतं. मागणी रीतसर होती, सही खरी होती, शिक्का खरा होता, आणि तरी त्या माहितीनं एका बाईच्या जिवावर बेतलं, एवढं सांगून तिनं पुढं लिहिलं की तिची दुसरी जागा सुरक्षित राहिली, कारण ती ठरवणारे निरोप त्या टेबलावर उघडता येत नव्हते. हा मसुदा ते उघडता येतील अशी सोय करतो.

उत्तरं आली. काही सहानुभूतीची, काही कोरडी. मसुद्याच्या बाजूच्या एका गृहस्थांनी सभ्यपणे लिहिलं की गैरवापर हा त्या त्या देशाच्या कायद्याचा विषय आहे, नियम बनवणाऱ्या इंजिनिअरांचा नाही. पुण्याहून तिच्या साहेबांचा फोन आला तो त्याच आठवड्यात. कंपनीला सरकारी खात्याचं एक मोठं काम मिळायचं होतं. साहेब भले गृहस्थ. त्यांनी तिला गप्प बस म्हटलं नाही. हे मत वैयक्तिक आहे असं खाली लिहीत जा, म्हणाले, आणि ते तर ती पहिल्यापासून लिहीत होती. मग म्हणाले की त्या नव्या कामावर तुझं नाव होतं, ते तूर्त काढावं लागेल. त्या कामाचा आराखडा तिनं स्वतः तयार केला होता. तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी ती पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसली नाही. घराला कुलूप लावून बाजारात गेली, भाजी घेतली, आणि घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं की दोन पिशव्या भरून वांगी आणली आहेत.

सभा मार्चमध्ये युरोपात होती. इथं तेव्हा दुपार होती. वीज गेली, पण इन्व्हर्टर चालू होता. पंखा बंद करून योगिनी घामाघूम बसून राहिली. दूरच्या लोकांना बोलायला रांग लावावी लागते. तिची पाळी आली तेव्हा दोन मिनिटं मिळाली. तिनं गोष्ट पुन्हा सांगितली नाही. गैरवापर हा कायद्याचा विषय आहे, या मुद्द्याला तिला उत्तर द्यायचं होतं. ती म्हणाली की कायदा आमच्याकडेही आहे आणि तो मोडणाऱ्याची चौकशी चालू आहे. पण कायदा जागा होतो तो कुणी मोडल्यावर, आणि तो जागा व्हायच्या आधीच त्या बाईला गच्चीवरून उतरावं लागलं. किल्ली कायद्यानं निर्माण केलेली नाही, ती या मसुद्यात निर्माण होते. म्हणून ती आपला विषय आहे. त्या सभागृहातलं कुणी तिला दिसत नव्हतं, फक्त खोकल्याचे आवाज येत होते.

मसुद्याच्या बाजूनंही लोक बोलले. मुलांच्या शोषणाचे तपास कसे अडतात, ते एका बाईंनी सांगितलं, आणि ते ऐकताना योगिनीला हरीओमच्या ठाण्यात बसलेली ती आई आठवली. बाई खोटं बोलत नव्हत्या.

मग अध्यक्षांनी कौल घेतला. हा मसुदा गटानं कामाला घ्यावा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हुंकारावं. सभागृहातून एक हलका गुंजारव आला. घेऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांनी हुंकारावं. दूरच्या लोकांनी पडद्यावरचं बटण दाबायचं असतं. योगिनीनं ते दाबलं, आणि सभागृहातला तो मोठा आवाज कानात भरला तेव्हा आपणही रिकाम्या खोलीत हुंकारतो आहोत, हे तिला जरा वेळानं कळलं. अध्यक्षांनी सांगितलं की मसुदा घ्यायला पुरेशी सहमती नाही. त्यांनी कारणं वाचून दाखवली. त्यात बहुतेक तांत्रिक होती. गैरवापराच्या मुद्द्याला समाधानकारक उत्तर मिळालं नाही, हे एका वाक्यात होतं. कुणाचं नाव नव्हतं.

हरीओमच्या हद्दीतली मुलगी त्याच सुमारास सापडली. एका महिला शिपायानं मुलीच्या मैत्रिणीच्या घरी जाऊन, तिच्यासोबत भाजी निवडत, केस विंचरत बऱ्याच दुपारी काढल्या, तेव्हा ती मैत्रीण बोलली. मुलगी शेजारच्या जिल्ह्यात वीटभट्टीवर होती. जिवंत होती. घरी आल्यावर कितीतरी दिवस ती कुणाशी बोलत नव्हती. हरीओमनं हे फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "वाचता आलं असतं त आधीच आणली असती, ताई."

"असू शकते," योगिनी म्हणाली. जिंकल्यासारखं तिला वाटलं नाही. त्या मुलीचा विचार पुढे कितीतरी दिवस तिच्या डोक्यात राहिला, आणि तरी तेच बटण पुन्हा दाबलं असतं, हेही तिला ठाऊक होतं. या दोन्ही गोष्टी सोबत घेऊन राहायची तिनं सवय करून घेतली.

निकिताच्या नंबरची मागणी करणारा माणूस निलंबित झाला. तिच्या नवऱ्यावरचा खटला चालू आहे. ती आता अमीनाबीच्या क्लासला उघडपणे येते आणि नव्या बायांना काजं-बटणं शिकवते. अमीनाबीनं एके दिवशी कामरगावला जाऊन फय्याजची माफी मागितली. तो म्हणाला, खुळी झालीस काय, आणि तिला दुकानातली गोड सुपारी दिली. योगिनीला कंपनीत वर्षभर दुसऱ्यांचं काम तपासायचं रटाळ काम मिळालं. तिनं ते केलं.

पुढच्या हिवाळ्यात हरीओमचाच फोन आला. तो मसुदा नवीन नावानं, थोडा बदलून पुन्हा आला आहे, असं त्याच्या ग्रुपवर फिरत होतं. तुला कळलं का, त्यानं विचारलं. तिनं सकाळीच वाचायला घेतला होता.

"मंग?"

"मंग काय. पूर्ण वाचतो पह्यले. बरोबर असन त बरोबर म्हणीन."

"नसन त?"

"तुले माहीत हाये."

तो हसला नाही, पण चिडलाही नाही. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन वाशीमला करायचं की अकोल्याला, हे विचारायलाही त्यानं फोन केला होता. त्यावर ते दोघं बराच वेळ बोलत राहिले.